यंत्र चालू झालं म्हणजे औषध गेलं असं नाही

आमच्या सईला पहिल्यांदा धाप लागली तेव्हा ती १४ महिन्यांची होती. डिसेंबर महिना होता, ऊसतोड जोरात होती, आणि तोडणी झाली की आमच्याकडं शेतात पाचट पेटवतात. संध्याकाळी तो धूर खाली बसतो, तो सकाळी ऊन वर येईपर्यंत हलत नाही. रात्री दोन वाजता बघतो तर तिचं पोट भात्यासारखं उडत होतं. कराडला दवाखान्यात तीन दिवस काढले. परत येताना पिशवीत १,८०० रुपयांचं एक पांढरं यंत्र होतं, नेब्युलायझर, आणि औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांची दोन पाकिटं. यंत्र कसं लावायचं ते निघायच्या गडबडीत पाच मिनिटांत दाखवलं होतं. मी वायरमन आहे. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे?

पहिले पंधरा दिवस मी ते चुकीचं दिलं. मास्क लावला की सई रडायची, म्हणून मी तो तिच्या तोंडापासून चार बोटं लांब धरायचो. ट्यूबलाइटच्या उजेडात धुकं तिच्या गालांवरून वर जाताना दिसायचं, पापण्यांवर बारीक थेंब जमायचे, आणि मला समाधान वाटायचं की औषध जातंय. फेरतपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "घरी कसं देता ते करून दाखवा बरं." मी दाखवलं. त्यांनी माझा हात धरून मास्क सईच्या चेहऱ्याला टेकवला. "दादा, हे सगळं हवेत चाललंय. पोरीला यातलं काही मिळत नाही."

मास्क एखाद-दोन सेंटिमीटर जरी सुटला तरी छातीत पोचणारं औषध निम्म्याच्याही खाली येतं. ज्यांच्या घरात हे यंत्र नुकतंच आलंय त्यांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. यंत्राचा आवाज येतोय, धुकं दिसतंय, औषधाचा कप रिकामा होतोय, म्हणजे औषध मुलाच्या छातीत गेलं असं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडं सगळे याला 'वाफ देणं' म्हणतात, मीही म्हणतो. पण ही गरम पाण्याची वाफ नाही. यंत्रातला छोटा पंप हवा दाबून नळीतून पाठवतो, आणि त्या हवेच्या जोरानं कपातल्या औषधाचे इतके बारीक कण होतात की ते श्वासाबरोबर छातीतल्या बारीक श्वासनळ्यांपर्यंत उतरतात. हे धुकं गार असतं, हात धरून बघा. 'वाफ' या एका शब्दामुळं माझ्या आईनं पहिल्या आठवड्यात कपात निलगिरीचे दोन थेंब टाकायला काढले होते. तिचा जीव तुटत होता नातीसाठी, तिला मी काय बोलणार? पण निलगिरी, कापूर, ओव्याचं पाणी, बाम, यातलं काहीही या यंत्रात टाकायचं नाही. तेल फुप्फुसात गेलं तर तिथंच सूज येते. साधं पाणीसुद्धा नाही. आवळलेल्या श्वासनळ्या साध्या पाण्याच्या कणांनी जास्त आवळतात. पातळ करायला फक्त मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाइन. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला धरायचं नाही. त्यानं दमा उतरत नाही, आणि मूल एकदा हिसकलं की पातेलं अंगावर येतं.

औषधाची कुपी फोडण्याआधी

डॉक्टरांनी सईसाठी लिहून दिलेल्या कागदावर दोन औषधं आहेत. एक लिव्होसाल्ब्युटामॉल. ते श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू सैल करतं. त्याचा गुण दहा-पंधरा मिनिटांत दिसतो आणि साधारण चार-सहा तास टिकतो. दुसरं ब्युडेसोनाइड, आतली सूज उतरवणारं. त्याचा गुण लगेच दिसत नाही, म्हणूनच लोक ते मध्येच सोडतात. आम्हीही एकदा सोडलं. पोरगी महिनाभर छान खेळत होती, वाटलं आता कशाला? पुढच्याच थंडीत पुन्हा दवाखाना. सूज उतरवणारं औषध रोजचं असतं, धाप असो वा नसो, आणि ते डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायचं. दोन्ही द्यायची असतील तर आमचे डॉक्टर आधी नळ्या उघडणारं आणि मग सूज उतरवणारं द्यायला सांगतात. दोन औषधं एका कपात मिसळायची का, हे त्यांनाच विचारा. घरी मनानं मिसळू नका.

आता कुपीवरचा आकडा. लिव्होसाल्ब्युटामॉलच्या कुप्या ०.३१, ०.६३ आणि १.२५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, आणि ब्युडेसोनाइडही ०.५ आणि १ मिलिग्रॅममध्ये. नाव तेच, कुपी तेवढीच. एकदा मेडिकलवाल्यानं ०.६३ च्या जागी १.२५ चं पाकीट दिलं आणि मी न वाचता घरी आणलं. त्या रात्री औषध दिल्यावर सईचे हात थरथरायला लागले. छातीवर हात ठेवला तर चिमणीच्या काळजासारखं धडधडत होतं. घाबरून फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी कुपीवरचा आकडा वाचायला लावला. या औषधानं थोडी थरथर, धडधड, अंगात वारं भरल्यासारखं नाचणं हे ठरलेल्या मात्रेतही होतं आणि तास-दोन तासांत उतरतं. पण तेव्हापासून दुकानाच्या काउंटरवरच मी आकडा कागदाशी ताडून बघतो, घरी फोडताना पुन्हा बघतो. आमच्या डॉक्टरांचा कागद मी यंत्राच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवलाय.

कुपीऐवजी थेंबाची मोठी बाटली दिली असेल तर जास्तच जपा. त्यातलं औषध दाट असतं, सलाइन घातल्याशिवाय देत नाहीत, आणि ते मोजायला सुई काढलेली सिरिंजच हवी, चमचा नाही. कपात एकूण ३ ते ४ मिली औषध असावं असं आम्हाला सांगितलंय, कारण तळाशी जवळजवळ १ मिली तसंच राहतं, त्याचं धुकं होत नाही. कुपी २ मिलीची असेल तर वर किती सलाइन घालायचं ते कागदावर लिहून घ्या. ब्युडेसोनाइडची कुपी फोडण्याआधी हलक्या हातानं हलवायची, ते औषध खाली बसलेलं असतं. अर्धी कुपी सांगितली असेल तर उरलेली अर्धी आम्ही टाकून देतो. महाग वाटतं, पण फोडलेली कुपी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी द्यायची माझी छाती होत नाही.

मांडीवर

हात साबणानं धुवा. यंत्र स्टुलावर किंवा फरशीवर ठेवा, गादीवर किंवा गोधडीवर नाही. खालची भोकं बुजतात आणि मोटार तापते. नळी दोन्हीकडं नीट दाबून बसवा. माझ्या धंद्यातलं एक सांगतो: सैल सॉकेटमध्ये प्लग लावू नका आणि पोराच्या हाताशी एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नका. आधी सगळं जोडा, मूल मांडीवर घ्या, मग बटण दाबा.

सई लहान होती तेव्हा मी भिंतीला टेकून बसायचो. तिची पाठ माझ्या छातीला, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, डाव्या हातानं तिचे दोन्ही हात अलगद कवेत, उजव्या हातात मास्क. मूल सरळ बसलेलं हवं आणि कपही सरळ उभा. आडव्या झालेल्या कपातून औषध उडत नाही, नुसता पंप वाजत राहतो. मास्क मुलाच्याच मापाचा घ्या, नाकाच्या वरपासून हनुवटीपर्यंत बसणारा. मोठ्या माणसाचा मास्क लहान चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत जातो आणि बाजूनं सगळं सुटतं. डोळ्यांत धुकं जाऊ देऊ नका. काही कुप्यांमध्ये इप्राट्रोपियम नावाचं औषध असतं, त्यानं बाहुली मोठी होते आणि मुलाला धूसर दिसतं. समजूतदार झालेलं, चार-पाच वर्षांचं मूल मास्कऐवजी कपाला लावायची छोटी नळी (माउथपीस) तोंडात धरून घेऊ शकतं. तेव्हा मास्कपेक्षा ती बरी.

रडण्याबद्दल माझ्या मावशी म्हणायच्या, रडू दे, रडताना मोठा श्वास घेते म्हणजे औषध जास्त जाईल. होतं ते उलटंच. रडताना मूल झटक्यात हवा ओढतं, आणि औषध नाकात, घशात आपटून पोटात जातं. शांत, संथ श्वास हवा. तो दटावून येत नाही. आम्ही औषध न घालता यंत्र दिवसा नुसतंच चालू करायचो, ती जवळ येऊन बघायची. तिनं त्याचं नाव गुरगुऱ्या ठेवलं. आधी बाहुलीला मास्क, मग मला, मग तिला. आवाजाला घाबरत होती म्हणून यंत्र नळी पोचेल तेवढं पाठीमागं ठेवलं. आणि गोष्ट फक्त गुरगुऱ्याच्या वेळची राखून ठेवली, एरवी ती सांगायची नाही. आमचा ससा अजून डोंगर चढतोच आहे. तरीही एखाद्या रात्री पोरगी ऐकत नाही. तेव्हा दोन मिनिटं बंद करा, पाणी पाजा, पुन्हा बसा. औषध कपात आहे, ते कुठं जात नाही. झोपेत दिलं तर चालतं, पण मास्क टेकलेला असला तरच, आणि बहुतेक मुलं टेकवताच जागी होतात. धाप जोराची असेल तेव्हा मात्र रडली तरी मास्क टेकवूनच ठेवायचा आणि द्यायचं. ही एकच वेळ मी तिचं ऐकत नाही.

आठ-दहा मिनिटांत धुकं तुटक यायला लागतं, फुर्रफुर्र आवाज येतो. कपाच्या बाजूला बोटानं दोन टिचक्या मारा, भिंतीला लागलेले थेंब खाली येतात. पुन्हा फुरफुरलं की संपलं. पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर काहीतरी बिघडलंय. नळी सैल आहे, यंत्रावरची गोल जाळी म्हणजे फिल्टर काळवंडलाय, किंवा कपातलं भोक चोंदलंय. आणि धुकंच येत नसेल तर कप उघडून आतला छोटा सुटा भाग जागेवर आहे का बघा. तो एवढासा तुकडा धुताना आमच्या मोरीतून वाहून गेला होता, आणि मी अर्धा तास यंत्र खोलून बसलो होतो. हवा त्या भागावर आपटते तेव्हाच औषधाचे कण होतात. त्याशिवाय कप कामाचा नाही. आता मी भांड्यातच धुतो, वाहत्या पाण्याखाली नाही. एक जास्तीचं किट, म्हणजे कप, मास्क आणि नळी, घरात ठेवतो.

ब्युडेसोनाइड दिल्यावर चूळ भरायला लावा. लहान बाळ असेल तर ओल्या स्वच्छ कापडानं तोंड आतून पुसा, पाणी किंवा दूध पाजा, आणि मास्क टेकला तो चेहरा धुवा. नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो, गालावर पुरळ उठतं.

धुणं आणि वाळवणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि रात्री अकरा वाजता तर फारच, पण ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच आपण लेकराच्या छातीत सोडतो. प्रत्येक वेळेनंतर कप, मास्क, आतला भाग सुटा करायचा, कोमट पाण्यात भांड्याचा साबण कालवून धुवायचा, उकळून गार केलेल्या पाण्यानं खळबळायचा, झटकायचा आणि स्वच्छ पंच्यावर उघड्यावर वाळू द्यायचा. पुसायचा नाही, पुसताना कापडाचे धागे राहतात. लांब नळी धुवायची नाही. तिच्यात पाणी गेलं की वाळत नाही. बाष्प दिसलं तर कप काढून यंत्र मिनिटभर नुसतं चालवा, हवेनं ती कोरडी होते. किट उकळता येतं का ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. आमचं चालतं, म्हणून बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, मास्क सोडून बाकीचं पाच मिनिटं उकळतो. शेजाऱ्याच्या मुलाला यंत्र द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण किट त्याचं त्याचं. औषधही त्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं.

यंत्र पुरत नाही ते कसं ओळखायचं

हे मी सगळ्यात मन लावून शिकलो. औषध देण्याआधी आणि दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी झबलं वर करून मूल बघायचं. बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडतायत का? गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय का? नाकपुड्या फुलतायत का? मग पूर्ण ६० सेकंद घड्याळ लावून श्वास मोजायचे, मूल शांत असताना. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास. आमच्या आशाताई याच आकड्यांनी मोजतात, त्यांनीच मला बसून मोजायला शिकवलं.

ओठ किंवा जीभ निळसर दिसली, मूल सुस्त पडलं, अंगावर पिता येईना, दोन शब्द बोलायलाही दम लागायला लागला, किंवा औषध देऊनही खड्डे तसेच राहिले, तर घरी पुढची कुपी फोडत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. वाटेत औषध द्यायचं का, किती वेळा आणि किती अंतरानं, हे आमच्या डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलंय. तुमच्याकडून लिहून घ्या, रात्री दोनला आठवत नाही. औषधाचा गुण चार तासही टिकला नाही, तर तेही दवाखान्यात जाण्याचंच कारण.

आणि एक धोका लोकांना कळत नाही. घरघर, सूं सूं आवाज थांबला म्हणजे बरं वाटतंय असं नेहमीच नसतं. पोट उडतंय, मूल थकलंय, आणि आवाज मात्र बंद झालाय, याचा अर्थ हवाच आत-बाहेर होत नाही. ती सगळ्यात वाईट वेळ. आवाजापेक्षा डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवा.

वीज गेली तर

आमच्या गावात पावसाळ्यात फिडर गेला की रात्र जाते. यंत्राच्या मागच्या पट्टीवर किती वॅट लागतात ते वाचा. बहुतेक यंत्रं १०० ते २०० वॅटच्या आतबाहेर असतात, म्हणजे घरातला छोटा इन्व्हर्टर दहा मिनिटं सहज ओढतो. पण बॅटरी उतरलेली असेल तर तोही कामाचा नाही. बॅटरीवर चालणारी हातात मावणारी यंत्रंही मिळतात, आवाज नसतो. मात्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्रातून ब्युडेसोनाइड नीट जात नाही.

खरं तर या काळजीनंच मी स्पेसरकडं वळलो. पंप म्हणजे औषधाचा फवारा मारणारा हातातला इनहेलर, त्याला लांबट नळकांड्यासारखा स्पेसर आणि लहान मुलांचा मास्क. सई अडीच वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी तो दिला, आणि सांगितलं की बहुतेक मुलांना यानं यंत्राइतकाच गुण येतो. वीज लागत नाही, आवाज नाही, दोन मिनिटांत काम होतं. मला आधी पटलं नाही. एवढ्या मोठ्या यंत्राचं काम या नळकांड्यानं कसं होईल? पण मास्क टेकवून तिचे पाच-सहा श्वास मोजले, दुसऱ्या दिवशी तिची छाती ऐकली, आणि पटलं. तुम्ही नवीन यंत्र घ्यायच्या बेतात असाल तर आधी डॉक्टरांना स्पेसरचं विचारा. आता गुरगुऱ्या आमच्याकडं जोराच्या धापेच्या दिवसांपुरताच आहे, तो कधी काढायचा तेही त्याच कागदावर आहे.

पाहुणे म्हणतात, सवय लागेल पोरीला. याची सवय लागत नाही. आठवड्यात पुन्हा पुन्हा द्यावं लागत असेल तर सूज आटोक्यात नाही, हे त्याचं कारण, आणि ते डॉक्टरांना सांगायचं. आम्ही घरात मच्छर कॉइल बंद केली, मच्छरदाणी लावली. धुपाचा निखारा आई आता अंगणात तुळशीपाशी ठेवते. पाचटाबद्दल बांधाला लागून शेत असलेल्या भावकीशी बोललो. पाचट न जाळता सरीत दाबून कुजवलं तर जमिनीलाही चांगलं, हे त्यांना माहीत होतंच. दोघांनी ऐकलं, एकानं नाही. ज्या दिवशी तो पेटवणार असतो त्या दिवशी निदान आधी फोन करतो, आणि आम्ही सईला घेऊन तिच्या आजोळी जातो.

तिकडं जाताना एक पिशवी कायम भरलेली असते: पंप आणि स्पेसर, यंत्र, धुतलेलं किट कोरड्या डब्यात, कुप्या त्यांच्या पाकिटातच उजेडापासून झाकून, सलाइन, सिरिंज, आणि डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स. कुप्यांची मुदत दर दिवाळीला आणि दर अक्षय तृतीयेला बघतो. पंपात किती फवारे उरलेत तेही त्याच दिवशी.